मोत्यांच्या उधारीचं घर

बहरीनच्या मुहर्रक शहरातलं बिन मतरांचं घर अनोळखी माणसाशी चटकन बोलत नाही. आखाती घरांची रीतच ती. जे काही मांडायचं ते आत, चौकाभोवती. परक्याच्या वाट्याला भिंत आणि दार. पण या घराच्या अबोलपणाला आणखी एक कारण आहे. ते मोत्यांच्या व्यापाऱ्याचं घर आहे. ज्या धंद्यात हजारोंचा माल मुठीत मावतो आणि आपली निकड समोरच्याला कळली की भाव पडतो, त्या धंद्यात वाढलेलं घर बडबडं असूच शकत नाही.

सलमान हुसेन बिन मतर यांनी 1905 साली ते बांधलं. मुहर्रक हे तेव्हा बहरीनच्या मोत्यांच्या व्यापाराचं मुख्य ठाणं होतं. घरासाठी जागा निवडली तीही भर घालून समुद्राकडून घेतलेली. पाणी अगदी जवळ होतं. बोटी आल्या-गेल्याचं घरातच कळायचं. पुढे समुद्र हटवत हटवत शहर इतकं पसरलं की आज या घराजवळ उभं राहून समुद्र कुठल्या बाजूला होता हे विचारावं लागतं. घराची बैठक मात्र बदललेली नाही. ते अजूनही किनाऱ्यावरच असल्यासारखं वागतं. वाऱ्याची वाट बघतं, उन्हाला अडवतं आणि आल्यागेल्याला आधी दिवाणखान्यात बसवून घेतं.

त्याचं शरीरही समुद्रानेच दिलेलं आहे. भिंतीत आहे तो समुद्रातून काढलेला प्रवाळी दगड, वर जिप्समचा गिलावा. मुहर्रकच्या जुन्या घरांत या दगडाच्या पातळ फरश्याही दिसतात. जाड खांब उभे करायचे आणि मधली पोकळी या फरश्यांनी भरायची. भार खांबांवर, फरशी नुसता आडोसा. दगड सच्छिद्र असल्यामुळे भिंत उष्णता सावकाश आत सोडते. आमच्या कोकणातला माणूस जांभ्याच्या चिऱ्यावर हात ठेवतो तसा मी इथल्या भिंतीवर ठेवला, तर बोटांना दगडातली भोकं लागली. कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूचं हे घर आहे, हे त्या भोकांवरून कळतं.

छताची गोष्ट आणखी वेगळी. आखातात इमारती लाकूड नाही. खजुराचं खोड आहे, पण ते फार भार पेलत नाही. म्हणून पूर्व आफ्रिकेच्या खाड्यांमधून कांदळवनाचे सोट गलबतांतून यायचे. हे सोट साधारण तीन-साडेतीन मीटर लांब. मग खोलीची रुंदीही तेवढीच. घरधनी कितीही श्रीमंत असो, त्याला खोली लांब करता येते, रुंद करता येत नाही. या घरांतल्या खोल्या अरुंद आणि लांबोडक्या का, याचं उत्तर आफ्रिकेतल्या झाडाच्या उंचीत आहे. सोटांवर बांबूच्या कामट्या, त्यावर खजुराच्या झावळ्यांची चटई आणि वर मातीचा थर. दारं-खिडक्यांचं सागवान हिंदुस्थानातून. म्हणजे दगड इथला, सोट आफ्रिकेचे, सागवान आपल्याकडचं आणि पैसा पुन्हा बराचसा आपल्याकडचाच. त्याच्याकडे येईनच.

आज हे घर संग्रहालय आहे. शेख इब्राहिम बिन मोहम्मद अल् खलिफा यांच्या नावाने 2002 मध्ये मुहर्रकमध्ये एक सांस्कृतिक केंद्र सुरू झालं. त्या केंद्राने जी जुनी घरं एकेक करून सावरली, त्यांत हे एक. नाव दिलंय ‘ठिकाणाची स्मृती’ अशा अर्थाचं. आत कलाप्रदर्शनांसाठी जागा आहे आणि मोत्यांच्या व्यापाराचं, बिन मतर घराण्याचं कायमचं दालन आहे. आतेभाऊ नोकरीनिमित्त मनामात राहतो. तो आणि वहिनी मला पूल ओलांडून इकडे घेऊन आले होते. दादाला वाडे-बिडे बघण्याचा कंटाळा, तो चौकात फोनवर बोलत राहिला. वहिनी मात्र काचेच्या पेट्यांपाशी पोचली आणि हललीच नाही.

एका पेटीत चाळण्या होत्या. मोती चाळायच्या पितळी वाट्या, एकीत एक बसणाऱ्या. प्रत्येकीच्या बुडाला गोल भोकं पाडलेली. सगळ्यात वरच्या वाटीची भोकं सर्वात मोठी, खालच्या प्रत्येक वाटीची थोडी थोडी बारीक. हंगामाचा माल वरच्या वाटीत ओतायचा आणि हलवायचा. जे मोती अडकून राहतील ते ‘रास’, म्हणजे डोकं. त्याखालच्या वाटीत थांबतील ते ‘बत्न’, पोट. त्याहून खाली उतरतील ते ‘धैल’, शेपूट. आणि सगळ्यांतून निसटून तळाला जी कणी जमेल तिचाही हिशेब असतोच. टाकून काहीच द्यायचं नसतं. वाट्यांच्या कडा वापरून गुळगुळीत झाल्या होत्या. भोकांच्या कडांवर मात्र घाव अजून धारदार दिसत होते, इतक्या नेटकेपणाने ती पाडलेली.

वहिनीच्या कानात मोत्यांच्या कुड्या होत्या, सासूबाईंकडून आलेल्या. त्या वाट्यांकडे वाकून बघत तिने विचारलं, “भावजी, हे मोती यातलं काय असतील हो? डोकं की पोट?”

“आत्याबाईंच्या आहेत ना? मग बसऱ्याचे असतील.”

“बसऱ्याचे म्हणजे इराकचे ना? हे तर बहरीन.”

बसरा मोती असं आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो, पण मोती बसऱ्यात पिकत नाहीत. बसरा हे बंदर. शिंपले आखाताच्या तळाशी, आणि त्यांतल्या सर्वात मातब्बर जागांपैकी काही बहरीनच्या उत्तरेला. नथीतले, बुगडीतले, तन्मणीतले, चिंचपेटीतले जुने खरे मोती बऱ्याच अंशी याच पाण्यातले. वहिनीने नकळत कानाला हात लावला. मी म्हटलं, “वहिनी, डोकं नाही नि पोट नाही, कुडीला बारीकच लागतात. शेपूटच असेल.” तिला ते आवडलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलं.

घराचा स्वभाव ओळखायचा तर मजलिसमध्ये जावं लागतं. मजलिस म्हणजे पुरुषांची बैठक: भिंतीलगत गाद्या-तक्के, कॉफीची चोचवाली किटली. बायकामुलांचं घर वेगळं, त्याची वाट वेगळी. मोत्यांचा व्यापारी, ज्याला इकडे तव्वाश म्हणतात, त्याचा सगळा कारभार मजलिसमध्ये चाले. दुकान असं काही नसेच. समोर लाल कापड पसरायचं, कारण लाल रंगावर मोत्याची झाक लपत नाही. उजेड पाहिजे तो दिवसाचा. दिव्याच्या उजेडात मोत्याचा भाव ठरवायला कोणी बसत नसे. शेजारी तराजू, आणि लहानशी लाकडी पेटी, कप्प्याकप्प्यांची, जिच्यात लाल फडक्यांत बांधलेल्या पुरचुंड्या आणि हिशेबाचे कागद एकत्र नांदत.

मग भाव. भाव बोलायचा नसे. एक रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि त्याखाली बोटं धरून आकडा सांगायचा: किती बोटं, कुठलं पेर, कसा दाब. बैठकीत दहाजण बसलेले असोत, खरा आकडा फक्त दोघांना ठाऊक. मुंबईच्या झवेरी बाजारात मोत्यांचे दलाल हेच करत. इथला अरबी जाणणारा व्यापारी आणि तिथला गुजराती बोलणारा दलाल यांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी येत असली तरी चाले. रुमालाखाली दोघांची भाषा एकच होती. या घराने असे किती व्यवहार पाहिले असतील! आकडा मात्र त्याला एकही कळला नसणार.

वजनाची पद्धतही मुंबई आणि आखातात सामायिक होती. तराजूवरचं वजन रतीत किंवा मिस्कालात घ्यायचं आणि मग त्याचं ‘चौ’ काढायचं. चौ हे साधं वजन नाही. एका मोत्याचं वजन दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर त्याचं चौ दुप्पट नव्हे, चौपट धरतात. यात फार मोठं व्यवहारज्ञान आहे. दोन लहान मोती मिळून एका मोठ्याची जागा घेऊ शकत नाहीत. मोठा मोती दुर्मिळ, म्हणून त्याची किंमत वजनाच्या वर्गाने वाढते. हे गणित दरवेळी करायला नको म्हणून कोष्टकांच्या छोट्या वह्या असत. व्यापारी त्या अंगरख्यात बाळगत. चाळणीत जे डोळ्यांनी होतं, ते वहीत आकड्यांनी. या दोन वस्तू मला सगळ्या संग्रहालयातल्या सर्वात प्रामाणिक वाटल्या. बाकी जे काही आहे, छायाचित्रं, पोशाख, सुगंधी द्रव्यांच्या कुप्या, ते शेटजींनी पाहुण्यांना दाखवावं असं. चाळणी आणि वही शेटजी स्वतः वापरत होते.

पण घर मोत्यांवर उभं आहे असं म्हणणं अर्धंच खरं. मोती घरात येत आणि जात. हंगामानंतर काही आठवडे, काही महिने, मग मुंबईच्या बोटीत. घरात कायम राहायची ती उधारी. या घराचा पाया तिच्यात आहे आणि ती साखळी उलगडली की घराचा खरा चेहरा दिसतो.

साखळीचं एक टोक मुंबईत. तिथले मोठे मोती-व्यापारी भांडवल देत. 1905 मध्ये बहरीनच्या बाजारात आपलाच रुपया चालत होता, टपाल कचेरी हिंदुस्थान सरकारची होती आणि मुंबईहून आगबोटी नियमाने येत होत्या. माल बहुतेक मुंबईला जाई. तिथे त्याला भोकं पाडत, पुन्हा निवडत, ओवत आणि मग पॅरिस, लंडन किंवा आपल्या संस्थानिकांकडे पाठवत. मुंबईचा पैसा घेऊन तव्वाश नोखद्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला किंवा कप्तानाला, उसने पैसे आणि सामान देई. इस्लामात व्याज निषिद्ध, म्हणून व्याज लावायचं नाही. त्याऐवजी नोखद्याने आपला माल बाजारभावाहून कमी दराने याच तव्वाशाला द्यायचा. आणि नोखदा पाणबुड्याला आगाऊ रक्कम देई. हंगाम चार महिन्यांचा, जूनच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपणारा. तेवढे दिवस पाणबुड्याचं घर चालायला ती रक्कम. हंगाम वाईट गेला की ती फिटत नसे. हिवाळ्यात पुन्हा थोडी घ्यावी लागे. पुढच्या हंगामात त्याच नोखद्याच्या बोटीवर जावंच लागे. आपल्याकडचा ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलतो, ती उचल इथे समुद्रात होती. फरक इतका की बाप मेला तर कर्ज मुलाच्या अंगावर येई आणि मुलगा त्याच दोरीला लागे.

त्या दोरीबद्दल सांगितलंच पाहिजे. पाणबुडा नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड बांधलेला दोर घेऊन खाली जाई. बोटांना कातडी टोप्या, गळ्यात जाळीची पिशवी. वरती एक साथीदार, सैब, त्याची दोरी धरून. खाली मिनिट, सव्वा मिनिट; मग दोरीला हिसका आणि सैबने वर ओढायचं. दिवसाकाठी पन्नासच्या आसपास बुड्या. सकाळी चार खजूर आणि कॉफी, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. पोटभर जेवण सूर्य मावळल्यावर. शिंपले त्याच वेळी उघडायचे नाहीत. सगळा ढीग दुसऱ्या दिवशी सकाळी नोखद्याच्या नजरेखाली उघडायचा, म्हणजे कुठला मोती कोणी आणला हे कोणालाच सांगता येऊ नये. पाणबुड्याला मोती मिळत नाही, त्याला वाटा मिळतो: पाणबुड्याचे तीन तर सैबचे दोन, आणि तोही खर्च व उचल वजा जाऊन.

बोटीवर एक गाणाराही असे, नहाम. नांगर उचलताना, वल्ही मारताना, रात्री थकून पडल्यावर त्याचंच गाणं. फजीरी नावाची ही गाण्याची परंपरा युनेस्कोने 2021 मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. गाण्याला मान मिळाला याचा आनंद आहे. पण त्या गाण्यातला दमलेला श्वास कोणाच्या हिशेबात किती रुपयांना पडला, हे विचारायचं तर पुन्हा या घराच्या मजलिसमध्ये, त्या लाकडी पेटीपाशी यावं लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारच्या गॅझेटिअरमध्ये बहरीनच्या 917 मोती-बोटींची आणि त्यांवरच्या 17 हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. एवढ्याशा बेटांवरची एवढी माणसं उन्हाळाभर समुद्रात. मुहर्रकमध्ये उन्हाळ्यात बायका, म्हातारे आणि मुलंच उरत.

1912 चा हंगाम आखातात आजही भरभराटीचं वर्ष म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी पॅरिसच्या कार्तिए घराण्यातला जाक कार्तिए बहरीनला आला होता. 1911 च्या दिल्ली दरबारासाठी तो हिंदुस्थानात आला आणि तिथून मोत्यांच्या शोधात पुढे आखातात गेला. इथल्या व्यापाऱ्यांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसलेलं त्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. पॅरिसचेच रोझेंथल बंधू त्याच्या आधीपासून आखातात खरेदी करत होते. पाश्चात्त्य सराफ मुंबईला वळसा घालून थेट इथे यायला लागले, म्हणजे भाव किती चढले असतील ते समजावं.

त्या चढत्या भावाची एक गोष्ट घराविषयीच आहे. 1917 मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा एक वाडा कार्तिएंनी घेतला तो मोत्यांच्या दुपदरी माळेच्या बदल्यात; वर शंभर डॉलर रोख. माळेची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. चाळीस वर्षांनी, 1957 मध्ये, ती माळ लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास विकली गेली. वाडा आजही कार्तिएंकडेच आहे. बिन मतरांच्या घरात फिरताना मला हा सौदा सारखा आठवत होता. मोत्यापेक्षा दगड-चुना शहाणा ठरला, इथेही आणि तिथेही.

आपल्याकडच्या मराठी राजघराण्यांनीही हे मोती किती घ्यावेत! बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी 1865 च्या सुमारास बसरा मोत्यांचा एक गालिचाच करवला. त्यात पंधरा लाखांच्या आसपास मोती आहेत म्हणतात. तो मदिनेला पाठवायचा मानस होता असं सांगतात. तो गेला नाही. 2009 मध्ये दोह्याच्या लिलावात तो 55 लाख डॉलरच्या आसपास विकला गेला आणि आता कतारमध्ये आहे. आखाताच्या तळातून उचललेले मोती बडोदा फिरून पुन्हा आखाताच्या काठी आले. त्यातल्या एकेका मोत्यामागे एक बुडी धरली तरी हिशेब चुकेल. शेकडो शिंपल्यांत एखादा कामाचा मोती निघतो.

मग उतार आला, आणि तो एका कारणाने आला नाही. जपानच्या मिकिमोतोंनी 1893 मध्ये शिंपल्यात माणसाच्या हाताने अर्धगोल मोती तयार केला होता. 1920 च्या दशकात पूर्ण गोल संवर्धित मोती लंडन-पॅरिसच्या बाजारात दिसू लागले. ते खोटे नव्हते, शिंपल्यातलेच होते, म्हणूनच त्यांचा धसका जास्त. 1929 मध्ये जागतिक मंदीने पॅरिस आणि न्यूयॉर्कची मागणी मोडली. मुंबईच्या पेढ्यांनी हात आखडता घेतला की पुढची साखळी आपोआप कोसळते. इकडे बहरीनमध्ये 1920 च्या दशकातच पाणबुड्यांच्या कर्जाविषयी सुधारणा सुरू झाल्या होत्या: प्रत्येक पाणबुड्याला हिशेबाची वही मिळावी, उचल किती द्यायची यावर बंधन यावं. सावकारांना त्या आवडल्या नाहीत, आणि उचलच तुटपुंजी झाल्यावर खुद्द पाणबुडेही चिडले. 1932 मध्ये त्यांचा दंगा झाला. त्याच वर्षी जबल दुखानला तेल लागलं. आखाताच्या अरबी बाजूवरची तेलाची ही पहिली विहीर. तेलाच्या कंपनीत महिन्याचा पगार मिळे, आणि बाप मेला तर मुलाच्या डोक्यावर काही येत नसे. ज्याला पर्याय मिळाला, त्याने दोरी सोडली.

बहरीनने नैसर्गिक मोत्याची आब राखण्यासाठी संवर्धित मोत्यांच्या व्यापारावर कायद्याने बंदी घातली आणि ती आजवर पाळली. हा हट्ट मला फार आवडतो. धंदा संपला तरी जातिवंत मालाची ओळख मोडू द्यायची नाही, यात जुन्या तव्वाशांचं रक्त आहे.

घराचं काय झालं? 1940 च्या दशकात शेटजींच्या मजलिसचा काळ संपला. पण हे घर रिकामं बसलं नाही. कधी तिथे दवाखाना होता, पुढे दीर्घकाळ एका क्लबचं कार्यालय. जिथे रुमालाखाली लाखाचे सौदे झाले, तिथे लोक नाडी दाखवायला बसले. मग तरुण पोरांच्या सभा भरल्या. मला या घराच्या आयुष्यातला हा मधला काळच जास्त भावतो. वैभव गेल्यावर अनेक वाडे हेका धरून पडून राहतात, भावकीच्या वादात, कुलपात, आणि एके दिवशी बिल्डरच्या ताब्यात जातात. या घराने मिळेल ते काम केलं. पुढे ते पाडायचीही वेळ आली होती. शेख इब्राहिम केंद्राने हात दिला म्हणून वाचलं आणि 2010 च्या सुमारास पुन्हा दार उघडून उभं राहिलं. आता त्याला तिकीट-चौकशीची, वातानुकूलनाची, शाळेच्या सहलींची सवय झाली आहे. बाहेरचा चाळीस अंशांचा भाजका दिवस सोडून आत आलं की घराचा गारवा आधी यंत्राचा लागतो. भिंतीजवळ उभं राहिलं की मग घराचा स्वतःचा लागतो.

एका गोष्टीत मात्र संग्रहालय घराच्या स्वभावाच्या आहारी गेलंय असं मला वाटतं. घर मितभाषी, तेही मितभाषी. पाणबुड्याचा चिमटा आणि दोर इथे सुंदर उजेडात मांडलाय, तराजू मांडलाय. पण त्या दोन्हींना जोडणारी उचल शोधून काढावी लागते. काचेच्या पेटीत एखाद्या पाणबुड्याचं खातं उघडून ठेवायला हवं होतं: नाव झाकून का होईना, हंगामामागून हंगाम वाढत जाणारी बाकी. तेवढं एक पान लागलं असतं तर चाळणी, पेटी, लाल फडकं सगळं आपोआप बोलू लागलं असतं.

मुहर्रकचं भाग्य हे की शहराने फक्त शेटजींची घरं राखली नाहीत. 2012 मध्ये युनेस्कोने इथल्या मोत्यांच्या अर्थव्यवस्थेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा यादीत जुन्या शहरातल्या 17 इमारती, समुद्रातले तीन शिंपल्यांचे पट्टे, किनाऱ्याचा एक तुकडा आणि बू माहिरचा किल्ला धरला. त्या 17 मध्ये सियादी या व्यापारी घराण्याची देखणी नक्षीदार वास्तू आणि मशीद आहे, नोखद्याचं घर आहे आणि अल् घौस हे पाणबुड्याचं घरही आहे. साडेतीन किलोमीटरची पायवाट या सगळ्यांना जोडते. मुहर्रकच्या या जीर्णोद्धाराला 2019 मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला तो योग्यच. बिन मतरांकडून निघालात की चालत पाणबुड्याच्या घराकडे जा. सोट तेच, दगड तोच, पण खोल्या किती कमी, चौक केवढासा! त्या दोन चौकांमधलं अंतर पायांनी कापलं की मघाचं चौचं गणित वेगळ्याच अर्थाने कळतं. आम्ही गेलो तेव्हा दादाही फोन खिशात टाकून आला. आत बराच वेळ उभा राहून म्हणाला, “आमच्या साइटवरच्या पोरांच्या खोल्या यापेक्षा लहान आहेत.”

वहिनीने परतताना गाडीत कुड्या काढून तळहातावर घेतल्या. सासूबाईंना कोणी दिल्या, कुठून घेतल्या, हे घरी गेल्यावर मावशींना विचारायचं तिने ठरवलं. मी तिला म्हटलं, विचाराच. पण त्याच वेळी माळ्यावर जुन्या चोपड्या आहेत का तेही बघा.

कारण बिन मतरांचं घर हे हिशेबाचं एक पान आहे, आणि जमा-नावेची दुसरी बाजू मुंबईत लिहिलेली आहे. झवेरी बाजारात, धनजी स्ट्रीटवर, काळबादेवीच्या जुन्या इमारतींमध्ये ज्या पेढ्यांनी आखातात पैसा पाठवला आणि मोती मागवले, त्यांच्या वह्या, पत्रं, चौची कोष्टकं, पितळी चाळण्या कुठे ना कुठे असणारच. मुहर्रकने आपली बाजू जपली, रंगरंगोटी न करता जपली, आणि जगाला दाखवली. मुंबईची बाजू अजून कपाटात आहे, आणि कपाटं रिकामी करून जागा विकायचे हे दिवस आहेत. मोत्यांच्या पेढीवर आजोबा-पणजोबा बसत असत असं ज्या घरात बोललं जातं, त्यांनी रद्दीवाल्याला वर बोलावण्याआधी ती लाल बांधणीची चोपडी उघडून बघावी. बहरीनचं नाव, नोखद्याची बाकी, हंगामाचं वर्ष असं काही सापडलं, तर ते एखाद्या अभिलेखागाराकडे किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे न्यावं आणि त्याची एक प्रत मुहर्रकला पाठवावी.